लेपटी: वाट्यावरची, पाकिटातली आणि सुकी

निकाल आधीच सांगून टाकू. लेपटी ही लहान, चपटी मासळी घ्यायची तर बाजारात वाट्यावर, म्हणजे ढीग लावून मिळणारी, अख्खी, डोक्या-कातडीसकट घ्यावी. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी करायची तर सुकी घ्यावी. साफ करून पाकिटातून घरपोच येणारी लेपटी मात्र दुसरा इलाज नसेल तेव्हाच. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर वाट्यावरच्या लेपटीला साडेचार, सुकीला चार आणि पाकिटातल्या लेपटीला अडीच. फरक मोठा वाटेल, पण कारण साधं आहे. ही लेपटी चांगली की शिळी हे सांगणाऱ्या सगळ्या खुणा तिच्या डोक्यावर, कल्ल्यात आणि पांढऱ्या बाजूच्या कातडीवर असतात. पाकिटात भरताना नेमक्या त्याच काढून टाकलेल्या असतात.

नावांचा घोळ आधी मिटवू. सिंधुदुर्गात लेप, गोव्यात लेपो, मुंबईकडे लेपा, लेपटी किंवा रेपटी. या नावांखाली एकच मासा येत नाही. जिभेच्या आकाराच्या चपट्या माशांचं हे सगळं घराणं आहे, आणि त्याचं शास्त्रीय नाव सायनोग्लॉसस म्हणजे शब्दशः ‘कुत्र्याची जीभ’. त्यातली वीतभराहून मोठी, जाड खवल्यांची लेप वेगळी. इथे बोलतोय ती लहान, तळहाताएवढी लेपटी. तिचं नाव सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस, ते नॉर्मन या शास्त्रज्ञाने १९२८ साली दिलं. इंग्रजीतून लिहिणारे तिला मलबार सोल म्हणतात, कारण कोझिकोड-मंगळूरच्या पट्ट्यात ती सर्वांत जास्त मिळते. केरळात तिला मांतळ म्हणतात आणि तिथे ती रोजच्या जेवणातली आहे. लांबी बहुधा १२ ते १४ सेंटीमीटर, फार झाली तर १७-१८. याहून मोठी, तीनशे-चारशे ग्रॅमची चपटी मासळी कोणी लेपटी म्हणून देऊ लागलं तर तोंड उघडून बघा. मोठं तोंड आणि अणकुचीदार दात दिसले तर तो भाकस. तोही चांगला मासा आहे, पण त्याचं मांस जाड, शिजायला लागणारा वेळ वेगळा आणि भावही वेगळा.

आता ती राहते कुठे, ते. हे कळलं की निवडणं सोपं जातं. पश्चिम किनाऱ्यालगत खडकाळ भाग सोडला तर समुद्राचा तळ बराचसा मऊ चिखलाचा आणि चिखल मिसळलेल्या वाळूचा आहे. लेपटीचं घर तेच, साधारण पाच ते वीस वाव पाण्यात (वाव म्हणजे सहा फूट). अंगाच्या दोन्ही कडांना झालरीसारखे पर असतात. पाठीचा, खालचा आणि शेपटीचा पर वेगवेगळे नाहीत, तिन्ही एकाच झालरीत मिसळलेले. ही झालर लाटेसारखी हलवली की तळाची माती उडते आणि तिच्याच अंगावर बसते. बाहेर राहतात ते मोहरीएवढे दोन डोळे. पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे पोहणं थांबलं की ती आपोआप तळाला टेकते.

अंड्यातून बाहेर पडते तेव्हा ती चारचौघा माशांसारखीच असते, उभी पोहणारी, दोन बाजूंना दोन डोळे असलेली. सेंटीमीटरभर लांब होते त्या सुमारास उजवा डोळा डोक्यावरून सरकत डाव्या बाजूला येतो आणि ती उजव्या कुशीवर आडवी होते, ती कायमची. म्हणजे आपण जिला लेपटीची पाठ समजतो ती तपकिरी बाजू तिची डावी कूस, आणि ज्याला पोट म्हणतो ती पांढरी बाजू तिची उजवी कूस. पोट वेगळंच. ते डोक्यामागे खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढ्या जागेत असतं. साफ करताना मधोमध चीर देणारे इथेच चुकतात. चीर फुकट जाते आणि मांस मात्र फाटतं.

खाणं चिखलातलंच: वळवळणारे समुद्री किडे, बारीक कवचाचे जीव. वाकडं तोंड तळाकडे झुकलेलं असतं आणि भक्ष्य ती वासावर, स्पर्शावर शोधते. या किड्यांमध्ये ब्रोमोफेनॉल नावाची संयुगं असतात आणि ती खाणाऱ्या माशात उतरतात. थोडी असली की ‘दर्याची चव’ म्हणतो ती येते, जास्त झाली की औषधासारखा उग्र वास. म्हणून लेपटीत आतडं जितका वेळ गरम अंगात राहील तितकं मांस बिघडतं. बर्फ वेळेवर पडला की नाही याला या माशात पापलेटपेक्षा जास्त महत्त्व आहे.

पावसाळ्यात उथळ पाणी ढवळून निघतं तेव्हा लेपटी खोल पाण्याकडे सरकते आणि पाऊस ओसरला की पुन्हा किनाऱ्याकडे येते. महाराष्ट्रात आणि गोव्यात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. त्यानंतर नारळी पौर्णिमेपासून दिवाळीच्या पुढेमागेपर्यंत लेपटी घ्यावी. अंडी घालण्याचा काळ साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत लांबतो, त्यामुळे थंडीत गाभोळीवाली, म्हणजे पोटात अंडी असलेली मिळते. ही गाभोळी इतर माशांसारखी गोळा होऊन बसत नाही. दोन्ही कुशींना, डोक्याकडून शेपटीकडे निमुळती होत गेलेली लांब पट्टी असते. उजेडाकडे धरली तर पांढऱ्या बाजूच्या कातडीतून ती पिवळसर दिसते.

जाळं कोणतं, याने मालात किती फरक पडतो हे बाजारात कोणी सांगत नाही, पण विचारावं. बहुतेक लेपटी ट्रॉलरची असते. जाळ्याच्या तोंडाशी बांधलेल्या दोन जड फळ्या तळ नांगरत जातात आणि चिखलात पुरलेली मासळी उधळून जाळ्यात येते. दोन-तीन तासांच्या ओढीत मागच्या पिशवीत माल साठत जातो आणि पातळ अंगाची लेपटी त्याखाली दबते. खवले निघतात, कल्ल्यात गाळ भरतो, कडेच्या पराशी रक्त साकळतं. ज्या चिखलावर ही मासळी वाढते तोच दिवसातून अनेकदा नांगरला जातो, आणि त्यातल्या किड्यांना पुन्हा वस्ती करायला उसंत मिळत नाही. ही गोष्ट लेपटी आवडणाऱ्या प्रत्येकाला लागायला हवी. मालवण, वेंगुर्ले किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, लेपटी मिळाली तर दोन पैसे जास्त देऊन ती घ्यावी. रापणीची खालची दोरी वाळूवरून सरकत येते, मासळी किनाऱ्याला जिवंत लागते आणि तासाभरात पाटीत असते.

वाट्यावरची निवडताना डोळे बघून मासा घ्यायची सवय बाजूला ठेवा. एवढ्याशा डोळ्यांत काही कळत नाही. ‘मावशी, जरा उलटी करून दाखवा’ म्हणा. पांढरी बाजू दुधासारखी, किंचित निळसर झाक असलेली हवी. कडेच्या झालरीलगत गुलाबी रेघ असेल तर ती जाळ्यात दबलेली आहे. आज खायची असेल तर चालेल, ठेवायची असेल तर नको. पांढऱ्यावर पिवळी छटा आली असेल तर ती कालची-परवाची. डोक्यामागे, पोटाच्या जागी, तपकिरी किंवा हिरवट डाग असेल तर आतडं आत फुटलं आहे. भाव अर्धा केला तरी घेऊ नये.

मग डोक्याला धरून आडवी उचला. ताजी लेपटी पोस्टकार्डासारखी सरळ राहते, शिळी मधून वाकून लोंबते. बर्फात गोठलेलीही सरळ राहते, म्हणून बोटाने दाबून बघा. ताजीचा खळगा लगेच भरतो. तपकिरी बाजूवर बोट फिरवलं तर बुळबुळ पारदर्शक हवी आणि शेपटीकडून डोक्याकडे फिरवताना खवले काचपेपरसारखे खरखरीत लागले पाहिजेत. गुळगुळीत लागली तर खवले आधीच गेलेले आहेत, म्हणजे माल बराच हाताळलेला आहे. वाट्याच्या वर मोठ्या आणि खाली बोटभर लेपट्या लावलेल्या असतात. हे सगळीकडे चालतं, म्हणून वाटा हाताने पसरून घ्यावा. दहा सेंटीमीटरखालच्या लेपट्या घेऊ नयेत. त्यात काट्याच्या वर-खाली कागदाएवढं मांस असतं, आणि अंडी घालायच्या आधीच उचललेली ती पोरं असतात.

आणखी एक गोष्ट: माल बर्फावर हवा, बर्फाच्या पाण्यात नको. टबात तरंगणारी लेपटी पाणी पिऊन जड झालेली असते. तव्यावर ते पाणी सुटतं, तेल उडतं, आणि तळण्याऐवजी मासा उकडून निघतो.

तळहाताएवढ्या लेपट्या किलोला साधारण साठ-सत्तर बसतात. डोकं, आतडं, झालर आणि वरची कातडी काढली की किलोचे सहाशे ग्रॅमच्या आसपास उरतात. चार माणसांना तळायला पाऊण किलो अख्खी पुरते, आमटीला अर्धा किलो. भाव रोजचा वेगळा, पण ही लहान लेपटी पापलेट-सुरमईच्या बरीच खाली असते. त्या पैशात एवढी गोड आणि बिनबोचऱ्या काट्याची मासळी दुसरी मिळणं कठीण आहे. मधला एकच चपटा काटा आणि त्याला कंगव्यासारखे दाते. शिजल्यावर काट्याच्या वरचं मांस दोन पट्ट्यांत सुटतं, काटा उचलला की खालच्या दोन पट्ट्या मोकळ्या. मध्येच घशात अडकणारे सुटे काटे नाहीत. लहान मुलांना मासा खायला शिकवायचा तर याहून बरा मासा नाही. फक्त झालरीलगतची बोटाच्या नखाएवढी कड आधी कापून टाकावी, तिथे बारीक काट्यांची रांग असते.

साफ करायला वेळ लागतो म्हणून लोक लेपटी टाळतात. खरं तर हात बसला की एका लेपटीला अर्धा मिनिट पुरतं. पाणी घालायच्या आधी कात्रीने दोन्ही कडांची झालर शेपटीपर्यंत कापून घ्या. मग पांढरी बाजू वर करून ठेवा. डोक्यामागे, तिरपी, पोटाचा भाग डोक्याकडे राहील अशी सुरी चालवा. काटा तुटल्याचा ‘कट’ आवाज आला की थांबा, खालची तपकिरी कातडी तुटू देऊ नका. आता बोटांना जाडं मीठ लावा (कोकणात चुलीची राख लावतात, पकड तीच येते), धड एका हाताने दाबून धरा आणि डोकं शेपटीच्या दिशेने सावकाश ओढा. डोकं, आतडं आणि तपकिरी कातडी एकाच ओढीत निघून येतात. कातडी मध्येच फाटली तर दोन कारणं: मासा फार शिळा, किंवा सुरी खोल गेली. गाभोळी असेल तर ओढण्याआधी बोटाने ती धडाकडे सारून घ्या, नाहीतर आतड्याबरोबर निम्मी जाते. पांढरी कातडी पातळ आणि चवदार असते, ती ठेवायची. सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे दोनदा खरवडली की तिचे खवले जातात. शेवटी डोक्याच्या जागी काट्यालगत काळं रक्त राहतं ते अंगठ्याच्या नखाने काढा. आमटीला येणारा उग्रपणा बहुतेक वेळा तिथूनच येतो. धुवायची ती एकदाच, वाहत्या पाण्यात, आणि लगेच फडक्याने टिपायची.

पाकिटातल्या लेपटीत हे सगळं आयतं मिळतं, आणि शहरात नोकरी करणाऱ्या घराला त्याची किंमत आहे हे मान्य. पण पैसे देताना तीन गोष्टी तपासा. पहिली, वजन. पाकिटावर साफ करण्याआधीचं आणि नंतरचं अशी दोन वजनं असतात, भाव कोणत्या वजनावर लावलाय ते बघा. दुसरी, खाली साचलेलं पाणी. अर्धा किलोच्या पाकिटात दोन-तीन चमचे ठीक, त्याहून जास्त आणि दुधट असेल तर मासा गोठवून सोडवलेला आहे. तिसरी, दोन्ही बाजूंची कातडी काढली आहे का. यंत्राने किंवा घाईने साफ करणारे पांढरी कातडीही ओढतात. मग एवढ्या पातळ माशाला धरून ठेवायला काही उरत नाही, तव्यावर उलटताना त्याचे तुकडे होतात. असा माल आमटीलाच वापरावा. पाकीट फोडताच थोडा कोंदट वास येतो तो पाकिटातल्या हवेचा, पाच मिनिटं ताटलीत उघडी ठेवल्यावर तो जायला हवा. नाही गेला, आणि नाकाला अमोनियासारखं झोंबलं, तर परत करा. मीठ-लिंबू चोळून तो वास झाकतो, मासा सुधारत नाही.

तळायचं तर अर्ध्या किलो साफ लेपटीला पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे लाल तिखट आणि दीड चमचा कोकमाचं आगळ. पंधरा मिनिटं, जास्त नाही. तासभर ठेवली तर मीठ पाणी ओढतं आणि मांस भुसभुशीत होतं. दोन वाट्या रव्याला एक वाटी तांदळाचं पीठ. तेल तव्यावर अर्ध्या पेराएवढं, मध्यम आचेवर. आधी पांढरी कातडी खाली, अडीच ते तीन मिनिटं, मग उलटून दोन मिनिटं. लेपटी तव्यावर होडीसारखी वाकते कारण कातडी मांसाआधी आकसते. कातडीवर आडव्या दोन बारीक चिरा दिल्या किंवा पहिला अर्धा मिनिट उलथन्याने दाबून धरलं की सरळ राहते. आमटीत घालायची तर ओल्या खोबऱ्याचं वाटण, ठेचलेली पाच-सहा तिरफळं आणि कोकम यांना पूर्ण उकळी आल्यावर सगळ्यात शेवटी घालायची. चार मिनिटांत शिजते. डाव घालू नये, भांडं कानाला धरून हलवावं.

हॉटेलात ‘सोल’ मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. ताटात येणारा जाड, पांढरा, बिनकाट्याचा तुकडा बहुतेकदा बासा असतो, नदीत आणि तळ्यात वाढवलेला मासा. खरी सोल ओळखायला सोपी: तुकडा जेमतेम सेंटीमीटरभर जाड, मधोमध काट्याची उभी खूण आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरप्या रेघांची नक्षी.

सुकी लेपटी हा वेगळाच पदार्थ आहे आणि त्याला मिळायला हवी तेवढी दाद मिळत नाही. लेपटीत चरबी कमी, म्हणून सुक्या बांगड्यासारखी ती खवट होत नाही. नीट सुकवली तर पावसाळा काढते. साधारण चार किलो ताजीतून एक किलो सुकी निघते, त्यामुळे किलोचा भाव ऐकून दचकू नका. गोव्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या खरेदीत, एप्रिल-मे महिन्यांत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती ढिगाने दिसते. एक उचला आणि उन्हाकडे धरा. चांगली सुकलेली लेपटी मेणकागदासारखी अर्धपारदर्शक दिसते, आतला कंगव्यासारखा काटा दात्यान् दात्यासकट मोजता येतो. मध्ये गडद, धुरकट पट्टा दिसला तर आत ओल आहे, आठवड्याभरात बुरशी येईल. वाकवली की आधी थोडी लवावी आणि मग मोडावी. नुसतीच लवत असेल तर ओली. हात लावताच पिठासारखी चुरत असेल तर जुनी, किडीने पोखरलेली. गुलाबी-लाल ठिपके म्हणजे मिठात वाढणारे जिवाणू. असा माल धुऊनही सुधारत नाही. जिभेला वाळू लागते का तेही बघा. वाळूवर पसरून सुकवलेल्या लेपटीतून रेती कधीच पूर्ण जात नाही. जाळीवर किंवा मांडवावर सुकवलेली घ्यावी, दर थोडा चढा असतो आणि तो योग्यच आहे.

घरी आणल्यावर एक दिवस कडक ऊन दाखवा, पूर्ण थंड होऊ द्या, मग वर्तमानपत्राचा थर घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. गरम असतानाच डबा बंद केला तर झाकणाला पाणी धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. वापरताना दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून टिपून घ्या, मंद तेलावर तळा. मोठ्या आचेवर कडा करपतात आणि मधला भाग चिवट राहतो. पेजेबरोबर माणशी दोन पुरतात.